आपल्या दिवसांचे गिरवणे

ऑक्टोबर उजाडला की प्रथम भोपळा येतो. त्यामागून वटवाघूळ, काळे मांजर आणि झाडूवर स्वार झालेली चेटकीण. नोव्हेंबर लागताच टर्की पक्षी, डिसेंबरात नाताळचे झाड, फेब्रुवारीत लाल बदाम. अमेरिकेत ज्यांची मुले किंडरगार्टनमध्ये किंवा त्याच्या आधीच्या वर्गात आहेत, त्या सर्व धम्मबांधवांच्या घरी ही मिरवणूक दरवर्षी दप्तरातून येत असते. कागदाची घडण एकच, चित्रे तेवढी पालटतात. डाव्या कडेला चेटकीण, उजव्या कडेला तिची हरवलेली टोपी आणि मधे ठिपक्यांची नागमोडी वाट. मुलाने पेन्सिल घेऊन त्या वाटेने जायचे आणि टोपी चेटकिणीला मिळवून द्यायची. खाली सणाचे नाव, तेही ठिपक्यांत.

हे कागद वरवर खेळासारखे दिसले, तरी त्यांच्यामागे बालशिक्षणाचा मोठा अनुभव उभा आहे. लहान मूल प्रथम उभी रेघ काढू लागते, मग आडवी. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वर्तुळ जमते, चौथ्याच्या सुमारास अधिकचे चिन्ह, आणि तिरप्या रेघा व त्रिकोण त्याहूनही उशिरा. अक्षरे अखेर याच रेघांची बनलेली असतात. मात्र चार वर्षांचे मूल कोणाच्या सांगण्यावरून वीस तिरप्या रेघा ओढत बसणार नाही. टोपी पोहोचवायची असेल तर हौसेने ओढील. म्हणून शिक्षिका सणांचा आधार घेतात. त्यात त्यांचे काही चुकते असे आम्हाला वाटत नाही. अडचण निर्माण झाली ती आमच्या घरी, आणि तीही एका अत्यंत सद्भावनेने दिलेल्या कागदामुळे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या दिवसांत आमच्या कन्येच्या वर्गशिक्षिकेने वर्गातील चारही भारतीय मुलांना दिवाळीचा कागद दिला. वर पणतीचे चित्र, मधे फुलबाजीच्या ठिपकेदार ठिणग्या, खाली इंग्रजीत सणाचे नाव. ‘हा तुमचा सण ना?’ असे तिने कौतुकाने विचारले. कन्येने मान डोलावली, कागद नीट गिरवला, पणती केशरी रंगाने रंगवली आणि घरी येऊन विचारले, ‘आपण हा सण का करत नाही?’

आपल्या समाजातील सर्व घरांचे याविषयी एकमत नाही, हे वाचक जाणतातच. काही घरी फराळ होतो, आकाशकंदील लागतो. काही घरी त्या दिवसांत इतर दिवसांहून काहीही वेगळे होत नाही. आमचे घर दुसऱ्या प्रकारातले. पाच वर्षांच्या मुलीला सांगता येईल तेवढे आम्ही सांगितले आणि शिक्षिकेलाही दोन ओळींचा निरोप पाठवला की आम्ही बौद्ध आहोत, आमचे दिवस वेगळे आहेत. तक्रारीचा सूर त्यात नव्हता. तिचे उत्तर त्याच संध्याकाळी आले. तुमचे सण कोणते ते कळवा, त्यांचे गिरवण्याचे कागद पाठवा, मी वर्गासाठी छापून घेईन, असे तिने लिहिले होते.

आमच्याजवळ पाठवण्यासारखे काहीही नव्हते. चौदा एप्रिलला आम्ही सभागृह घेतो, भाषणे ठेवतो, मुलांना निळे कपडे घालतो आणि मुले मागच्या रांगेत फोनवर खेळत बसतात. चार-पाच वर्षांच्या हाताला साजेसे असे आम्ही त्यांच्यासाठी कधी काही तयारच केले नव्हते. ती रात्र आम्ही पती-पत्नींनी शोधण्यात घालवली. पद्मासनातील बुद्धांची रंगवायची चित्रे पुष्कळ मिळाली. बाबासाहेबांची रेखाचित्रेही मिळाली, पण ती मोठ्यांसाठी, बारीक रेघांची. मराठी मुळाक्षरांचे कागद सापडले. त्यांत ‘ग’ गणपतीचा होता. लहान मुलाने हातात घेऊन १४ एप्रिल गिरवावा असा कागद आम्हाला मिळाला नाही.

तेव्हा तो आम्हीच करायचे ठरवले. बे एरियात राहणारी आम्ही पाच घरे महिन्यातून दोन रविवारी वंदनेसाठी जमतो. वंदनेनंतर मुलांचा तासभराचा मराठी वर्ग असतो. त्या वर्गातूनच हे काम पुढे सरकले.

आमच्यापैकी चौघे संगणकाच्या व्यवसायातले असल्यामुळे दोन रात्रींत काम उरकेल असा आमचा अंदाज होता. तो साफ फसला. इंग्रजी अक्षरांसाठी ठिपक्यांचे तयार टंक हवे तेवढे मिळतात. देवनागरी टंक घेऊन त्याची कडा ठिपक्यांत छापली, तर अक्षर पोकळ दिसते आणि प्रत्येक रेघेच्या जागी दोन रेघा येतात. मूल गोंधळते, कोणत्या रेघेवरून जायचे ते त्याला कळत नाही. गिरवण्यासाठी अक्षराच्या मधोमध जाणारी एकच रेघ लागते. ती संगणकाकडून काढून घेण्याचा प्रयत्न आम्ही केला. तेव्हा शिरोरेघेशी जिथे जिथे अक्षर जुळते तिथे तिथे फाटे फुटले आणि ‘भ’च्या गाठीचा एक डाग झाला. अखेरीस प्रत्येक अक्षर टॅब्लेटवर हाताने काढावे लागले. ज्यांनी दहा-पंधरा वर्षे मराठीत स्वाक्षरीपलीकडे काही लिहिले नव्हते, त्यांनी रात्री जागून ‘ळ’ घोटला.

दुसरा खोडा ‘ल’ आणि ‘श’ यांचा. आपण मराठी शाळांत शिकलो तो ‘ल’ दोन पाकळ्यांचा. संगणकावर पुष्कळदा उमटतो तो हिंदीच्या वळणाचा, उभा दंड असलेला. ‘शाळा’ शब्दातला ‘श’ही तसाच परका दिसू लागला. काही चांगल्या टंकांत मराठी वळणाची ही अक्षरे दडवून ठेवलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असे संगणकाला सांगितले तरच ती बाहेर येतात. न सांगितल्यास तो देवनागरी म्हणजे हिंदी असे धरून चालतो. आमच्यातील एका ताईंना ही गोष्ट फार लागली. त्या म्हणाल्या, ‘इथेही आधी सांगावंच लागतं का, आम्ही कोण ते!’

शब्द निवडताना एक गंमत ध्यानात आली. आपण शरण जातो ते बुद्ध, धम्म आणि संघ या क्रमाने. मुलाच्या हाताला हा क्रम नेमका उलटा पडतो. ‘संघ’ सोपा, दोनच अक्षरे आणि डोक्यावर एक टिंब. ‘धम्म’मध्ये अर्धा ‘म’ येतो, तो सहाव्या वर्षी जमतो. आणि ‘बुद्ध’ मधला ‘द्ध’ मोठ्या माणसांनाही धड काढता येत नाही, हे आमच्याच वह्यांवरून सिद्ध झाले. ‘भीम’ आणि ‘समता’ हे शब्द जणू लहान मुलांसाठीच घडलेले आहेत. ३ जानेवारीच्या कागदावर ‘सावित्री’ लिहिण्याचा मोह आवरून आम्ही ‘शाळा’ हा शब्द घेतला आणि वर पाटीचे चित्र काढले. १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा उघडली, तेवढी एक ओळ पालकांनी वाचून दाखवावी म्हणून तळाशी छापली.

पहिले दहा कागद तयार झाले त्या सुमारास अकोल्याहून आई सहा महिन्यांसाठी आली होती. नातीशेजारी बसून तीही पेन्सिल घेऊन गिरवू लागली आणि दुसऱ्याच शब्दाला थांबली. आम्ही छापलेल्या बाणांनुसार प्रथम शिरोरेघ ओढायची होती. आई म्हणाली, ‘ही रेघ आंधी काहून देऊन राहिले रे तुम्ही? घर बांधाच्या आंधी छप्पर टाकते काय कोनी?’ तिचे म्हणणे खरे होते. आपल्या शाळांत अक्षरे लिहून झाली की मग शब्दाच्या डोक्यावरून रेघ दिली जाते. आम्ही मात्र शिरोरेघेला इंग्रजी वहीतल्या पायारेघेसारखे मानून अक्षरे तिला टांगत सुटलो होतो. सर्व बाण फिरवून घ्यावे लागले.

त्या दुपारी तिने पाटीची हकिगत सांगितली. ती आम्ही यापूर्वी ऐकलेली नव्हती. दसऱ्याला महाराष्ट्रात पाटीपूजन होते. मुले पाटीवर एक या आकड्यांची मांडणी करून सरस्वतीची आकृती काढतात आणि तिच्यावर फुले वाहतात. सणाच्या निमित्ताने काहीतरी गिरवून घेण्याची रीत आपल्याकडे या भोपळ्याच्या कागदांहून पुष्कळ जुनी आहे. लिहिण्याच्या आरंभाला मराठीत आजही ‘श्रीगणेशा’ म्हणतात, यावरूनही ते दिसते. आई पहिलीत असताना गुरुजींनी सर्वांच्या पाटीवर ती आकृती काढून दिली आणि घरून गिरवून आणायला सांगितले. आजोबा १९५६ च्या दसऱ्याला, १४ ऑक्टोबर रोजी, नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आलेले, चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी पाटी हातात घेतली, काही न बोलता ओल्या फडक्याने पुसली आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘जयभीम’ लिहून दिले. आईने रात्री कंदिलाजवळ बसून ते इतके गिरवले की पाटीवर पांढरा थर चढला. शाळेत काय झाले, असे आम्ही विचारले. गुरुजी पाटी पाहून पुढे गेले, म्हणाली. बाकी कोणाच्या पाटीवर त्यांनी हात फिरवला, हिच्या नाही. पुढच्या वर्षी धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी तिची शाळा सुटली.

विजयादशमीच्या कागदावर त्यानंतर आम्ही पाटीचीच चौकट घेतली आणि आत ‘जयभीम’ ठेवले. याच दिवसाच्या दुसऱ्या कागदाने मात्र आम्हाला अनपेक्षित आनंद दिला, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. विजयादशमी आपण सम्राट अशोकांच्या नावाने साजरी करतो. तेव्हा मुलांना अशोकांच्या शिलालेखांतील ब्राह्मी अक्षरे दाखवावीत, अशी सूचना एका दादांनी केली. लिपी दोन हजारांहून अधिक वर्षे जुनी. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये उलगडण्यापूर्वी कित्येक शतके ती कोणालाही वाचता येत नव्हती. चार वर्षांच्या मुलांना ती काय जमणार, असे आम्हाला वाटले. प्रत्यक्ष अक्षरे समोर ठेवली आणि आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. ब्राह्मीतला ‘क’ म्हणजे अधिकचे चिन्ह. ‘ठ’ म्हणजे वर्तुळ. ‘थ’ म्हणजे मधे ठिपका असलेले वर्तुळ. ‘ग’ म्हणजे छपरासारख्या दोन तिरप्या रेघा. ‘ध’ इंग्रजी ‘डी’सारखा, आणि ‘म’ म्हणजे वर्तुळावर दोन शिंगे. बालशिक्षणातले तज्ज्ञ अक्षरांपूर्वी ज्या आकारांचा सराव करून घ्यायला सांगतात, त्यांतले बहुतेक सारे इथे अक्षरे होऊन बसले होते. शिरोरेघ नाही, काना नाही, गाठ नाही. अशोकांच्या लेखांत ‘धम्म’ हा शब्द ‘धंम’ असा, मधे टिंब देऊन लिहिलेला आढळतो. ज्या मुलांना देवनागरीतला ‘धम्म’ अजून दोन वर्षे येणार नव्हता, त्यांनी तो त्या रविवारी अशोकांच्या लिपीत लिहिला. मुंबईजवळच्या सोपाऱ्यातही अशोकांच्या शिलालेखाचा तुकडा सापडलेला आहे. पुढच्या भारतभेटीत मुलांना त्या बाजूला नेण्याचे दोन घरांनी ठरवले आहे.

हे सर्व उत्साहाने चालू असतानाच आमच्यातील एका ताईंनी एक अभ्यास वाचायला दिला आणि आमचा उत्साह जरा जमिनीवर आला. इंडियाना विद्यापीठातील कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांचा हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अजून वाचता न येणाऱ्या, पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांना त्यांनी काही अक्षरे स्वतः पाहून काढायला दिली, काही गिरवायला आणि काही कळफलकावर दाबायला. नंतर तीच अक्षरे दाखवून मेंदूचे चित्रण केले. वाचनाशी संबंधित भाग स्वतः काढलेल्या अक्षरांना ज्या रीतीने प्रतिसाद देताना दिसले, तसे गिरवलेल्या किंवा टंकलेल्या अक्षरांना देताना दिसले नाहीत. मुलाने स्वतः काढलेले अक्षर दरवेळी वेगळे, वेडेवाकडे उतरते. त्या वेडेवाकडेपणातूनच अक्षराचे मर्म त्याला उमगत असावे, असा तर्क त्यामागे आहे. एका लहानशा अभ्यासावरून गिरवणे टाकून द्यावे, असे आम्ही म्हणत नाही. हाताला वळण लावण्यासाठी ते हवेच. पण ठिपके संपले की शिकणे सुरू होते, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. आमचे कागद वरपासून खालपर्यंत ठिपक्यांनी भरलेले होते.

शिवाय आम्हाला दुसरीही एक गोष्ट टोचू लागली. केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका, असे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याचे नाव आम्ही मुलांकडून आखून दिलेल्या ठिपक्यांवरून, रेघेबाहेर जाऊ न देता, वीस वेळा घोटून घेत होतो. भोपळ्याच्या जागी बोधिवृक्ष आला, एवढाच काय तो फरक.

तेव्हा कागदाची रचना बदलली. आता पहिली ओळ पूर्ण ठिपक्यांची असते. दुसरीत अक्षराचा आरंभबिंदू आणि अर्धेच ठिपके. तिसरीत फक्त दुरेघी, वर नमुना पाहून लिहायचे. चौथी ओळ संपूर्ण मोकळी. तीत मूल काय लिहील ते त्याच्यावर सोडलेले असते. कागद संपल्यावर मुले एक खेळ खेळतात: एकाने दुसऱ्याच्या पाठीवर बोटाने अक्षर काढायचे आणि त्याने ते ओळखायचे. हा खेळही आमचा नव्हे. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात खेळांची जी यादी आहे, तीत ‘अक्खरिका’ हे नाव येते. आकाशात किंवा पाठीवर काढलेली अक्षरे ओळखण्याचा खेळ, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. समण गोतम अशा खेळांपासून दूर राहतात, असे तिथे म्हटले आहे. आमच्या मुलांनी अद्याप प्रव्रज्या घेतलेली नसल्यामुळे त्यांना आम्ही सूट दिली.

आमच्या संचातला सर्वांत साधा आणि मुलांना सर्वांत आवडलेला कागद आहे ७ नोव्हेंबरचा. १९०० साली याच दिवशी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. शाळेच्या नोंदवहीत १९१४ या क्रमांकापुढे भिवा या नावाची ती नोंद आहे आणि शाळेने ती वही जपून ठेवली आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. आमच्या कागदावर नोंदवहीच्या पानासारख्या रेघा आहेत. वर ठिपक्यांत ‘भिवा’. खाली मोकळी जागा, तिथे मुलाने स्वतःचे नाव लिहायचे. बाबासाहेब म्हणजे कोट, चष्मा आणि हातातले संविधान एवढेच ज्यांना माहीत होते, त्या मुलांना ते कधी काळी आपल्याएवढे होते आणि त्यांनाही टोपणनावासारखे एक नाव होते, याचे फार नवल वाटले. त्यांना वर्गात वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे, हे सांगितल्यावर एका मुलाने विचारले की ते गोणपाट रोज घरी कोण नेत असे. तेही तेच नेत, असे आम्ही सांगितले. त्याने आपल्या कागदावर गोणपाटाचा चौकोन काढला. दिनदर्शिकेत हा कागद हॅलोविन आणि थँक्सगिव्हिंग यांच्या बरोबर मधे पडतो, त्यामुळे चेटकीण आणि टर्की यांच्यामध्ये भिवा अशी रांग आमच्या फ्रिजवर लागलेली असते.

शाळेचे काय झाले, हे अजून सांगायचे राहिले. वर्गशिक्षिकेने कागद मागितले होते. १४ एप्रिलचा कागद सिद्ध झाला तेव्हा तो शाळेत पाठवायचा की नाही, यावर आम्हा पाच घरांत जे बोलणे झाले ते आजवरच्या कोणत्याही बैठकीत झाले नव्हते. एक दादा स्पष्ट म्हणाले, ‘घरी हवं तेवढं गिरवू द्या. शाळेत नको.’ त्यांच्या मुलाच्या वर्गात त्यांच्याच कार्यालयातील दोन भारतीय सहकाऱ्यांची मुले होती. वर्षानुवर्षे त्यांनी आडनावाविषयीचे, गावाविषयीचे, शाकाहाराविषयीचे प्रश्न हसून टाळले होते. आता पोराच्या हाताने लिहिलेला कागद भिंतीवर लागणार होता. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. आमच्या राज्यात २०२३ च्या ऑक्टोबरात जातिभेदाला स्पष्ट मनाई करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊनही राज्यपालांनी नाकारले. योगायोग असा की त्याच महिन्यात त्यांनी शाळांत मुलांना जोडाक्षरी वळणाचे, म्हणजे कर्सिव्ह, लेखन शिकवणे बंधनकारक करणाऱ्या विधेयकावर स्वाक्षरी केली. हस्ताक्षराला कायद्याचे संरक्षण मिळाले. आणि २०२६ पासून दिवाळी ही कॅलिफोर्नियाची अधिकृत सुटी झाली आहे; पणतीच्या कागदाला आता कोणाचीही शिफारस लागणार नाही.

अखेर दोन घरांनी कागद पाठवला, तीन घरांनी नाही. आम्ही पाठवणाऱ्यांपैकी. शिक्षिकेने शब्द पाळला. वर्गातल्या सर्व मुलांनी, चिनी, मेक्सिकन, गोऱ्या, सर्वांनी निळ्या पेन्सिलीने ‘भीम’ गिरवला आणि ते कागद पंधरा दिवस वर्गाबाहेरच्या फळ्यावर होते. मुलांना घ्यायला आलेल्या एका मराठी आईंनी त्यांपैकी आमच्या कन्येचा कागद बराच वेळ पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोड आवाजात विचारले, ‘तुम्ही मूळचे कुठले? आडनाव पूर्ण काय?’ आम्ही सांगितले. त्यानंतर त्यांच्या मुलीचे आमच्याकडे खेळायला येणे कमी झाले. दोन्ही गोष्टींचा संबंध आहे की नाही, हे आम्हाला सांगता येणार नाही. त्यांनी त्याच सुमारास मुलीला पोहण्याच्या वर्गालाही घातले होते. आमच्या कन्येला यातले काही कळले नाही. तिला एवढेच आठवते की तिच्या मैत्रिणीला ‘भी’ची वेलांटी जमत नव्हती आणि तिने ती शिकवली.

पुढच्या एप्रिलमध्ये कागद पाठवावा की नाही, हे प्रत्येक घराने आपले आपण ठरवावे, असे आता आमच्यात ठरले आहे. ज्यांनी पाठवला नाही त्यांना कोणी विचारायचे नाही.

कागद मागवणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक सूचना. छापताना पानात बसवण्याचा पर्याय बंद ठेवावा. अमेरिकेतील पान भारतातल्या पानाहून आखूड आहे. संगणक अक्षरे आपोआप बारीक करतो आणि चार वर्षांच्या हाताला ती पुरत नाहीत. आणि पेन्सिल आखूड, बोटभर लांबीची द्यावी. लांब पेन्सिल लहान मुले मुठीत धरतात. मोठ्या मुलांसाठी २६ नोव्हेंबरचा कागद वेगळा केला आहे. संविधानाची मूळ इंग्रजी प्रत छापलेली नसून प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिलेली आहे, हे सांगून मुलांना उद्देशिकेचा पहिला शब्द ‘आम्ही’ लिहायला दिला जातो. २०२६ मध्ये हा दिवस नेमका थँक्सगिव्हिंगच्या सुटीतच येतो, म्हणजे वेळही पुष्कळ मिळेल.

६ डिसेंबरचा कागद मात्र संचात नाही. त्यावर दोन बैठका झाल्या. मेणबत्तीचे चित्र तयारही होते. तीन मुलांच्या एका आईंचे म्हणणे पडले की हा सण नव्हे, रंग भरण्याचा दिवस नव्हे. दुसऱ्यांचे म्हणणे, मग मुलांना त्या दिवशी सभागृहात दोन तास नुसते बसवून ठेवायचे का? तोडगा असा निघाला की त्या दिवशी ठिपके नसलेली, नुसती दुरेघी आखलेली पाने ठेवायची. गेल्या ६ डिसेंबरला अभिवादन चालू असताना मागच्या टेबलावर अकरा मुले त्या पानांवर लिहीत बसली होती. नंतर आम्ही पाने गोळा केली. चार पानांवर स्वतःची नावे होती, दोनांवर ‘भिवा’, एकावर ब्राह्मीतले वर्तुळ आणि अधिकचे चिन्ह ओळीने पानभर. एका मुलाने बस काढली होती.